पहिला आकडा

दिवसाचं पहिलं खोकं काट्यावर चढण्याआधी लेसिएली रिकाम्या काट्याकडे बघत असे. विमानतळाच्या मालधक्क्यावर ती एकोणीस वर्षं हेच करत आली होती. रिकामा काटा शून्य दाखवतो का, पन्नास पौंडांचं ठरलेलं वजन ठेवल्यावर पन्नासच दाखवतो का, एवढं बघायचं, सही करायची आणि मग कामाला लागायचं. एकदा एका नव्या माणसानं हे टाळलं होतं. त्या दिवशी प्रत्येक खोकं बारा पौंडांनी हलकं भरलं आणि संध्याकाळी भरलेलं विमान रिकामं करावं लागलं. पहिला आकडा चुकला की पुढचे सगळे आकडे खोटं बोलतात, आणि तेही अगदी शिस्तीत, हे तिनं तेव्हा पाहिलं होतं.

घरी मात्र असा काटा नव्हता. घरी फेलेती होता.

तिचा नवरा फेलेती नऊ वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला, हातात चेंडू घेऊन पळायचा तो अमेरिकन. पुढच्या ओळीतला गडी. समोरच्याला डोक्यानं आणि खांद्यानं अडवायचं, एका सामन्यात साठ-सत्तर वेळा, एवढंच त्याचं काम. त्याला कधी स्ट्रेचरवरून न्यावं लागलं नाही, याचा तिला त्या काळी अभिमान होता. प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवरून आलेल्या त्यांच्यासारख्या घरात बापाच्या डोक्याला मूल हात लावत नाही. त्या डोक्याचा तेवढा मान. मैदानावर त्याच डोक्यावर नऊ वर्षं जगानं हात साफ करून घेतला. आता त्याला सेहेचाळिसावं चालू होतं. दुकानातून घरी यायचा रस्ता त्याला सापडत नसे. भाजी चिरताना तो सुरी हातात तशीच धरून थांबे आणि आपण इथं का उभे आहोत असं विचारी. स्वयंपाकघराच्या दारावर चर्चचं कॅलेंडर जरा जास्तच खाली टांगलेलं होतं, कारण दाराला त्याच्या मुठीएवढं भोक पडलं होतं ते तिथं.

हे सगळं ज्या एका माणसापासून लपवलेलं होतं, ती म्हणजे फेलेतीची थोरली बहीण कालोलाइने.

टेक्सासमधल्या या युलेस गावात टोंगाची माणसं दोन पिढ्यांपासून विमानतळाच्या आसऱ्यानं राहत आली, पण बेटावरची एक गोष्ट त्यांनी सोडली नाही: मुलांची आत्या घरात सर्वांच्या वर. पहिलं ताट तिचं. मुलांबद्दल तिचा शब्द शेवटचा. भाऊ कितीही दांडगा असो, बहिणीसमोर तो थट्टा करत नाही, पाय पसरून बसत नाही, नजर वर उचलत नाही. कालोलाइने यायची म्हटली की लेसिएली घर आवरी, नवऱ्याला धुतलेला शर्ट घाली. तो खुर्चीत ताठ बसे, खाली बघे आणि "हो ताई", "नाही ताई" एवढंच बोले. त्याचा आजार आणि त्याची अदब यांत बाहेरून काही फरकच दिसत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची. कालोलाइनेला कागदावरचा आजार माहीत होता; घरातला नाही.

मुलाचा प्रश्न निघाला तो गेल्या नोव्हेंबरात. मोसेसे सतरा वर्षांचा, बापाएवढा रुंद, शाळेच्या संघात बापाच्याच जागी खेळणारा. एका हंगामात त्याच्या मेंदूला दोनदा धक्का बसला. दुसऱ्या वेळी तो चार दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होता आणि उजेड आत आला की ओकत होता. प्रशिक्षक घरी फळांची टोपली घेऊन आले. कालोलाइने टोपलीशेजारी बसली आणि तिनं निकाल दिला.

"माझ्या भावाचं डोकं ठिकाणावर येईल त्या दिवशी पोरगा हेल्मेट घालेल. तोवर नाही. एका घराला एक पुरे."

लेसिएलीला आपल्या नणंदेचे पाय धरावेसे वाटले होते. पोराला आई म्हणून तिनं हेच सांगितलं असतं तर दोन आठवडे रुसवे चालले असते. आत्यानं सांगितल्यावर तो मान खाली घालून "बरं आत्या" म्हणाला आणि विषय मिटला.

मिटला म्हणजे अडकला, फेलेतीच्या डोक्याशी. आणि जानेवारीत ह्यूस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातून फोन आला की जुन्या खेळाडूंवर एक प्रयोग चालू आहे, त्यात फेलेतीला घेता येईल का ते बघू.

प्रयोग असा होता: दात्याच्या हाडांतल्या मज्जेतून मूळपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि शिरेतून आजाऱ्याच्या रक्तात सोडायच्या. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, महिन्याला एक पिशवी. डॉक्टर ब्रिंकमन नावाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं की निम्म्या लोकांच्या पिशवीत पेशी असतील आणि निम्म्यांच्या पिशवीत नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं हे प्रयोग संपेपर्यंत आजाऱ्यालाही कळणार नाही आणि त्यांनाही नाही. म्हणून पिशवीवर तपकिरी खोळ. एकट्या माणसाच्या आकड्यावरून काही ठरवू नका, असंही त्या म्हणाल्या. लेसिएलीला ते पटलं होतं. फेलेती तिन्ही वेळा त्या खोळीकडे टक लावून बसला आणि तिन्ही वेळा म्हणाला, "पेशीच आहेत. मला आत शिरताना कळतंय."

"कसं कळतंय?"

"मिठाचं असतं तर मला तहान लागली असती."

तिला हसू आलं होतं. त्या वर्षातलं ते बहुधा शेवटचं.

कालोलाइनेला हा सगळा प्रकार सांगितला तेव्हा तिनं भुवया उंचावल्या. "दुसऱ्याच्या हाडातलं काढून याच्या डोक्यात? मग माझ्या गुडघ्यानं काय घोडं मारलंय, त्याला का नाही विचारत कोणी?" पण तिनं चर्चमध्ये त्याच्या नावानं प्रार्थना लावली, रोज सकाळी सहाची, आणि स्वतः एकही दिवस चुकवली नाही.

मुख्य चाचणी शब्दांची होती. पंधरा शब्द वाचून दाखवायचे, आठवतील तेवढे परत म्हणायचे, असं पाच वेळा. एकूण पंच्याहत्तर. जानेवारीत, पहिली पिशवी लागण्याआधी, फेलेतीला एकोणतीस आले होते. जुलैच्या शेवटी चार तास गाडी हाकून लेसिएली त्याला पुन्हा घेऊन गेली. दीड तासानं तो बाहेर आला तो कागद नाचवतच. एक्केचाळीस.

तिनं कागद उलटसुलट करून पाहिला. घरात तर तिला काही फरक दिसत नव्हता. पण घरात मोजायला काय होतं? कॅलेंडर होतं तिथंच होतं. आकडा मात्र आकडा होता, आणि तिनं आयुष्यभर आकड्यांवर विश्वास ठेवला होता. ब्रिंकमनबाईंचं बोलणं तिला त्या क्षणी आठवलं नाही असं नाही. आठवलं आणि तिनं ते बाजूला ठेवलं.

पुढच्या रविवारी कालोलाइनेनं चर्चमध्ये उभं राहून देवाचे आभार मानले आणि जेवताना, तारो नावाच्या अळूच्या पानांत शिजलेल्या मांसाचं पहिलं पुडकं उघडता उघडता, बंदी उठवली. मोसेसे ताटावरून उठून बाहेर अंगणात गेला आणि एकटाच ओरडून आला. शाळेचा फॉर्म आला होता. त्यावर पालकाची सही लागत होती. लेसिएलीनं ती केली. काट्याच्या वहीत करत असे तशीच, नीट, पूर्ण नावाची.

*

हंगामाचा पहिला सामना ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी होता. त्याआधीच्या रविवारी जेवणं झाल्यावर सगळा मोहल्ला नेहमीप्रमाणे झोपला. रविवारी टोंगन माणूस देवाचं नाव घेतो, जेवतो आणि झोपतो. चौथं काही करत नाही. लेसिएली धुतलेले टॉवेल घेऊन गॅरेजच्या दाराशी आली तेव्हा आत बापलेक बोलत होते. फेलेतीचा आवाज मोकळा होता, जुना. म्हणून ती थांबली. असा आवाज तिनं फार दिवसांत ऐकला नव्हता.

"हंगामाच्या आधी संगणकावर डोक्याची परीक्षा घेतात बघ. ती मुद्दाम जरा वाईट द्यायची."

"माझी झाली ती, बाबा. मंगळवारीच."

"मग? कशी दिलीस?"

"तुम्ही गेल्या वर्षी सांगितलं होतंत तशीच."

"शाबास. सोपं चुकवलं नाहीस ना? सोपं चुकवलं की त्यांना लगेच वास लागतो. मधलं गाळायचं. चित्रं जुळवताना जरा कान खाजवायचा. मग पुढे कधी टाळकं हललं आणि पुन्हा परीक्षेला बसवलं, तरी आकडा तेवढाच येतो. तुला बाकावर बसवायला त्यांच्याकडे कारणच उरत नाही. आम्ही सगळे तेच करत होतो. पहिली परीक्षा खरी देणारा गाढव."

पोरगा हसला.

"ह्यूस्टनलासुद्धा तेच केलं मी," फेलेती म्हणाला.

"ह्यूस्टनला? तिथं कशाला? तिथं कोण बाकावर बसवणार तुम्हाला?"

"अरे, घेतच नव्हते ना! आमच्या संघातला मार्लन तिथून हात हलवत परत आला. तुमचा आकडा चांगला आहे म्हणाले, तुम्ही पुरेसे आजारी नाही. म्हटलं, आपला चांगला येऊ द्यायचा नाही. पहिल्या वेळी मधले शब्द सोडून दिले. दुसऱ्या वेळी मात्र जीव ओतून दिली, बरं का. एक्केचाळीस!"

टॉवेल अजून गरम होते. लेसिएली ते छातीशी धरून उभी राहिली आणि तिच्या मनात पहिल्यांदा आला तो काटा. रिकामा, आणि त्याच्या खिडकीत शून्य सोडून भलताच आकडा.

संध्याकाळी तिनं फेलेतीला अंगणात गाठलं. तिनं रागावून विचारलं नाही. जानेवारीत किती शब्द मुद्दाम सोडलेस, एवढंच विचारलं.

"काही सोडले."

"किती?"

"मधले."

"सोडले नसतेस तर किती आले असते?"

त्याला खरोखर उत्तर द्यायचं होतं, हे तिला दिसत होतं. कपाळावरची शीर फुगली.

"आता कसं सांगू, लेसी? ते शब्दच आठवत नाहीत."

त्या रात्री तिनं मनाशी हिशेब मांडून पाहिला. खरा पहिला आकडा पस्तीस असेल तर औषधानं थोडं काम केलं. एक्केचाळीस असेल तर काहीच केलं नाही. पन्नास असेल तर हा माणूस सहा महिन्यांत आणखी घसरला आणि आपण त्याबद्दल देवाचे आभार मानले. तिन्ही गोष्टी त्या एका कागदात बसत होत्या. यातली खरी कोणती, हे आता ब्रिंकमनबाईंनाही कळणार नव्हतं, आणि तपकिरी खोळ उघडली तरी कळणार नव्हतं.

सोमवारी मधल्या सुटीत तिनं ह्यूस्टनला फोन लावला. ब्रिंकमनबाईंना सगळं सांगितलं. असं सोंग ओळखायला चाचणीत सापळे असतात, त्या म्हणाल्या; पण या खेळाडूंनी वीस-वीस वर्षं सापळ्यांचाच अभ्यास केलेला असतो. फेलेतीच्या आकड्यापुढे खूण करावी लागेल. आणखी कितीजणांनी हेच केलं असेल, तेही आता बघावं लागेल. मग त्यांनी विचारलं, "त्या आकड्यावर तुम्ही घरी काही ठरवलंत का?"

लेसिएलीनं मुलाचं सांगितलं.

"मग आधी ते मोडा," बाई म्हणाल्या. "प्रयोगाचं मी बघते."

मोडा म्हणणं सोपं होतं. शब्द आत्याचा होता. आईनं सही परत घेतली तरी आत्यानं दिलेलं आईनं काढून घेतलं, असा त्याचा अर्थ झाला असता, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या चर्चला ते ठाऊक झालं असतं. मोसेसे उठून आत्याकडेच गेला असता. आणि आत्याला कारण सांगायचं म्हणजे तिच्या भावानं लबाडी केली हे सांगायचं. बहिणीपुढे भावाची लाज काढणं दुसऱ्या भावालाही माफ नसतं. भावजयीला तर विचारायलाच नको.

*

बुधवारी चर्चच्या सभागृहात बायका झाडाची साल कुटून केलेलं कापड चिकटवत होत्या. लांब फळीच्या दोन्ही बाजूंना बसून सालीच्या पट्ट्या खळीनं जोडायच्या, वर रंग फिरवायचा आणि तोंडं चालू ठेवायची. कोणीतरी लेसिएलीला म्हणालं, नवरा बरा झाला म्हणून आता तू चिकटवायला येणार नाहीस असं वाटलं होतं, घरीच चिकटून बसशील. सगळ्या हसल्या. कालोलाइने फळीच्या डोक्याशी बसली होती, ती हसली नाही. भावाविषयीची असली थट्टा तिच्या कानांवर पडायची नसते. थट्टा करणारीनं जीभ चावली.

लेसिएलीनं नणंदेला मागच्या व्हरांड्यात बोलावलं आणि खाली, पायरीवर बसून सगळं सांगितलं. पहिली परीक्षा, दुसरी परीक्षा, मधले शब्द. कालोलाइनेच्या हातांवर खळ वाळत होती. ती नखानं सोलत राहिली.

"म्हणजे तू माझ्या भावाला लबाड म्हणतेस."

"मी आकड्याला लबाड म्हणते, वन्सं."

"माझ्यासमोर बसतो तेव्हा राजासारखा बसतो तो. रविवारीच पाहिला. एक शब्द वावगा नाही."

"एक शब्दच नाही, वन्सं. तुमच्यासमोर त्याला बोलायचं नसतं. मान खाली घालायची असते. तेवढं त्याला अजून येतं. तुम्ही वळलात की काय होतं, ते आम्ही तुम्हाला कधी दाखवलं नाही. चूक माझी आहे. मी दर वेळी घर आवरून ठेवलं."

कालोलाइने तिच्याकडे न बघता म्हणाली, "मग मी काय करू म्हणतेस? भिंतीला कान लावू?"

"हो," लेसिएली म्हणाली.

असं उत्तर त्या घरातल्या कोणा सुनेनं याआधी दिलं नसावं. कालोलाइने उठली आणि आत गेली. लेसिएली पायरीवर बसून राहिली. आता सगळंच गेलं असं तिला वाटलं.

पण गुरुवारी दुपारी चारला, मोसेसे सरावाला गेलेला असताना, मागच्या दाराशी कालोलाइने उभी होती. चर्चला जाताना कंबरेला गुंडाळतात ती चटई तिनं गुंडाळलेली होती, जणू कोणाच्या मातीला आली होती. लेसिएलीनं तिला कपडे धुण्याच्या यंत्राच्या खोलीत नेलं, पालथ्या बादलीवर बसवलं आणि दार बोटभर उघडं ठेवलं. पलीकडे स्वयंपाकघर.

फेलेती आला. त्यानं गाडीच्या किल्ल्या कुठं आहेत असं विचारलं. तू आता गाडी चालवत नाहीस, लेसिएली म्हणाली. त्यानं मान डोलावली, खिशातला कागद काढला, एकोणतीसवरून एक्केचाळीस, पाहिलंस का. पाहिलं, ती म्हणाली. मग त्यानं किल्ल्या कुठं आहेत असं विचारलं. हे असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी त्यानं टेबलावरचं तारोचं पातेलं हातानं उडवलं. पाणी भिंतीवर गेलं. तू चोरल्यास म्हणाला, आणखीही काही म्हणाला, जे बहिणीच्या कानांवर पडू नये म्हणून टोंगन पुरुष आयुष्यभर जपतो. लेसिएली जागची हलली नाही. तिला त्याला थांबवता आलं असतं. कसं थांबवायचं ते तिला माहीत होतं. तिनं थांबवलं नाही, आणि आपण हे करतो आहोत याचीच तिला आतून शिसारी आली.

मग तो फ्रिजपाशी गेला आणि फ्रिजच्या दारावर कपाळ आपटू लागला. जोरात नाही. ठरलेल्या तालात, घड्याळासारखं. आपटता आपटता तो रडायला लागला.

"लेसी," तो म्हणाला, "मोसेसेला सांगू नकोस. आणि ताईला तर कळता कामा नये. ताईला वाटतं मी बरा झालो."

धुण्याच्या खोलीचं दार उघडलं.

फेलेतीनं बहिणीला पाहिलं आणि पापणी लवते न लवते तोच त्याचं कपाळ फ्रिजवरून सुटलं, हातांनी डोळे पुसले, खुर्ची ओढली, पाठ ताठ झाली, तळवे गुडघ्यांवर आले, नजर फरशीवर. पायांखाली तारोचं पाणी होतं. त्याच्याकडे आता जो कोणी बघेल तो म्हणेल, केवढा सभ्य माणूस.

"बरा आहेस ना?" कालोलाइनेनं विचारलं.

"बरा आहे, ताई."

ती तशीच मागच्या दारानं अंगणात गेली. लेसिएली मागोमाग गेली. कालोलाइने कुंपणाची तार धरून उभी होती.

"पोरगा उद्या खेळणार नाही. परवाही नाही. प्रशिक्षकाला मी सांगते, पोराला मी सांगते. तुझं नाव यायचं नाही."

"वन्सं..."

"ऐक. मी आता या घरी येणार नाही. राग नाही तुझ्यावर. तू जे केलंस ते मी केलं नसतं, आणि करायला हवं होतं. पण बहिणीनं ऐकू नये ते मी ऐकलं. तो माझ्यासमोर मान खाली घालून बसला की मी आता कुठं बघायचं?"

तिनं कंबरेची चटई सारखी केली आणि गल्लीतून चालत गेली. बावन्न वर्षांची बाई, दुखऱ्या गुडघ्याची. तिला गाडीनं सोडते म्हणावं हेसुद्धा लेसिएलीला सुचलं नाही. सहाच्या प्रार्थनेतून फेलेतीचं नाव मात्र कालोलाइनेनं काढलं नाही, हे तिला पुढे कळलं.

*

शुक्रवारी संध्याकाळी सातला उजेड होता. शाळेचं मैदान घरापासून मैलभर. सामन्याआधी पोरं छातीवर थापा मारत जो नाच करतात त्याचा आवाज वाऱ्यावर येतो, मग ढोल, मग गर्दीचा. मोसेसे गॅरेजमध्ये जुन्या गादीवर बसला होता. आत्या बोलली तेव्हा तो "बरं आत्या" म्हणाला होता. घरी येऊन आईला दोनच शब्द म्हणाला होता, "तू सांगितलंस," आणि त्यानंतर काहीच नाही. आत्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं. तो इतका खुळा नव्हता.

शेजारी खुर्चीत फेलेती बसला होता. ढोल ऐकून तो चमकला.

"आज शुक्रवार ना? मग तू इथं काय करतोस?"

"आत्यानं नको म्हटलं, बाबा."

"हां." थोड्या वेळानं पुन्हा ढोल. "अरे, आज शुक्रवार. तू इथं कसा?"

"मी खेळत नाही आता."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पोरगा म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी आहे, बाबा." त्यावर फेलेतीचं समाधान झालं. हे उत्तर चालतं, हे पोरानं ओळखलं. लेसिएली दारातून बघत होती. यापुढे दर शुक्रवारी हेच उत्तर चालणार होतं.

ती आत आली आणि गादीच्या कडेला बसली. मोसेसे सरकला नाही आणि जवळही आला नाही. तिला त्याला बरंच सांगायचं होतं, पण तोंडून आलं ते कामावरच्या बाईचं.

"मंगळवारच्या परीक्षेत किती आले तुला?"

"कमी. यायचेच होते. मी मुद्दाम सोडले."

"सगळे मुद्दाम?"

मैदानावर कोणीतरी गुण मिळवले असावेत. गर्दी बराच वेळ ओरडत राहिली. आवाज ओसरल्यावर तो बापाकडे एकदा बघून हळूच म्हणाला,

"सुरुवातीला मुद्दाम सोडत होतो. मग मध्येच एकदा वाटलं, हा शब्द सांगून टाकू. तर तो डोक्यात नव्हताच."

"किती नव्हते?"

"मोजले नाहीत, आई."

फेलेतीनं खिशातून कागद काढला. घड्यांवर तो फाटत आला होता. त्यानं तो गुडघ्यावर ठेवून हातानं सपाट केला आणि मुलापुढे धरला. मोसेसेनं कागद घेतला आणि पहिल्यांदाच बघत असल्यासारखा वरून खालपर्यंत वाचला.